चिठ्ठीवरची खुर्ची

२०२५च्या जानेवारीअखेरची गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. आमच्या हिंजवडीत त्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि दूधवाले एवढेच काय ते रस्त्यावर असतात. गॅसवर चहा उकळत होता आणि दारावरची बेल वाजली. समोर शेजारच्या काकू. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला.

"अगं, लेकीचा फोन होता. रडत होती. तिकडे म्हणे आरोग्यमंत्री म्हणून असा माणूस येतोय, ज्याचा लसींवरच विश्वास नाही. बाळाची पुढची लस चार दिवसांवर आलीय. द्यावी की न द्यावी, असं मला विचारतेय. मी काय सांगू गं?"

काकूंची लेक न्यू जर्सीला असते. हिंजवडीत दर चार घरांमागे एका घरातलं कुणीतरी अमेरिकेत असतं, त्यामुळे तिकडच्या बातम्या आमच्याकडे चहाबरोबरच येतात. मी डॉक्टर नाही, साधी बी.ए. झालेली बाई. मी एवढंच म्हटलं, "काकू, मंत्री कुणीही होवो, लस बाळाच्या डॉक्टरांना विचारून द्यायची असते. चुकवू नको म्हणावं तिला." काकू थोड्या सावरल्या. चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं.

तिकडे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण नुसतं नाव सुचवून खुर्ची मिळत नाही. सिनेटच्या समितीपुढे त्या माणसाला बसावं लागतं. २९ आणि ३० जानेवारी असे दोन दिवस रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना सिनेटरांनी सगळ्या देशासमोर प्रश्न विचारले. पेशाने ते वकील, आणि लसींबद्दल शंका घेणारे म्हणून बरीच वर्षं प्रसिद्ध. त्यांना नेमू नका, असं पत्र ७७ नोबेल विजेत्यांनी आधीच लिहिलं होतं. उलट त्यांच्या बाजूनेही कितीतरी आया उभ्या होत्या. मुलांच्या खाण्यातली रसायनं, वाढता लठ्ठपणा यांवर हा माणूस बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

आमचं बोलणं चालू असताना कामाच्या मावशी आल्या. केर काढता काढता ऐकत होत्या. मग हातातला झाडू थांबवून म्हणाल्या, "म्हंजी त्या मानसाला समद्यांसमोर बसवून इचारलं व्हय? आपल्याकडं इचारत्यात का वो ताई असं, दवाखान्यात मोठा साहेब नेमताना?"

मैत्रिणींनो, मी बारा-तेरा वर्षं बचत गटांचं काम करतेय, बायकांना घेऊन सरकारी दवाखान्यांचे उंबरे झिजवतेय. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आपल्याकडे कसं होतं, ते आपल्या पुण्यानेच पाहिलंय. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोघा तरुण इंजिनिअरांना उडवलं. एक मुलगा, एक मुलगी. दोघंही मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले. आमच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या पोरापोरींसारखेच. गाडी चालवणारा अल्पवयीन होता, आणि ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. २७ मे रोजी न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. अजय तावरे आणि वैद्यकीय अधिकारी डॉ. श्रीहरी हाळनोर यांना अटक झाली. खरंखोटं काय ते न्यायालय ठरवील, तो आपला विषय नव्हे.

माझं लक्ष वेधलं ते त्यानंतरच्या एका गोष्टीने. २९ मे रोजी ससूनचे अधिष्ठाता डॉ. विनायक काळे यांनी पत्रकारांना सांगितलं, की डॉ. तावरे यांना वैद्यकीय अधीक्षकपद मिळालं ते आमदार सुनील टिंगरे यांच्या शिफारशीनंतर, वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ यांच्या सूचनेवरून. शिफारशीचं ते पत्र डिसेंबर २०२३ मधलं. त्याआधी २०२२ मध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या एका प्रकरणात याच डॉक्टरांना याच पदावरून दूर केलं गेलं होतं. एवढं सांगितलं, आणि त्याच दिवशी डॉ. काळे यांनाच सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं! चौकशीला समिती नेमली, तर तिच्या अध्यक्षांच्या नावावरही आक्षेप आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अपघात झाला तेव्हा डॉ. तावरे अधीक्षकपदावर नव्हते, विभागप्रमुख होते. शिवाय आमदाराने एखाद्याची शिफारस करणं हा काही गुन्हा नव्हे. तेव्हा चिठ्ठीमुळे रक्ताचा नमुना बदलला, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अधीक्षक म्हणजे रुग्णालयाचा रोजचा कारभार पाहणारा माणूस. ससून काय लहानसहान दवाखाना आहे? १८६७ पासूनचं, हजाराहून जास्त खाटांचं रुग्णालय. मुळशी, मावळ, पार सोलापूर-नगरपासूनचे गरीब पेशंट तिथे येतात. तिथला हा माणूस कोण, त्याला का नेमला, आधी का काढला होता, हे आपल्याला कधी कळलं? दोन तरण्याताठ्या पोरांचे जीव गेल्यावर! तेही एका अधिष्ठात्यांनी तोंड उघडलं म्हणून.

खुद्द अधिष्ठात्यांच्या खुर्चीचीही तीच कथा. २०२३ मध्ये डॉ. काळे यांची मुदतीआधी बदली करून डॉ. संजीव ठाकूर यांना आणलं होतं. डॉ. काळे 'मॅट'मध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात गेले आणि जिंकले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथेही नोव्हेंबर २०२३ मध्ये तोच निकाल कायम राहिला. दरम्यान २ ऑक्टोबरला अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी ललित पाटील ससूनमधून पळाला होता, आणि सगळ्या राज्याचं लक्ष ससूनकडे लागलं होतं. खुर्ची कुणाची, हे न्यायालयात ठरतंय आणि वॉर्डातली बाई सलाइन संपल्याचं कुणाला सांगू म्हणून इकडेतिकडे बघतेय, असं ते चित्र.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट आठवते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्याच्या समितीवर मी तीन वर्षं सदस्य होते. कशी झाले? चिठ्ठीने! यजमानांच्या ओळखीचे एक पुढारी म्हणाले, "वहिनींचं नाव घालून टाकतो, समाजकार्य करतातच की." मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. तुम्हाला या कामातलं काय कळतं, महिन्यातून किती वेळ द्याल, काही नाही. मी साडीला इस्त्री करून बैठकीला जायचे. चहा-बिस्किटं व्हायची, प्रोसिडिंगची वही पुढे यायची, मी सही करायचे. पोरं म्हणायची, "आई मेंबर झाली!" मलाही बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू?

मग एका रात्री मावशींच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. पत्र्याच्या खोलीतून रिक्षात घालून तिला त्याच दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरच नाही. जागा कित्येक महिने रिकामी! एकटी नर्स, बिचारी घाबरलेली. म्हणाली, "पुढे घेऊन जा." पुढे म्हणजे कुठे? मी फोन करून कंपनीतल्या एका मुलाची गाडी मिळवली. दुसऱ्या रुग्णालयाच्या दारातच पोर जन्माला आलं. बाळ रडलं, पण आईचं रक्त थांबेना. पहाटेपर्यंत आम्ही दोघी बाकड्यावर बसून होतो. देवाच्या आणि तिथल्या डॉक्टरांच्या कृपेने ती वाचली.

उजाडता उजाडता मावशी म्हणाल्या, "ताई, त्या दवाखान्यात डाक्टर न्हाई, ह्ये कुनालाच कसं म्हाईत न्हवतं?"

त्यांना ठाऊक नव्हतं, की त्या समितीच्या वहीत माझी सही होती. डॉक्टरची जागा रिकामी असल्याची नोंदही त्याच वहीत होती. मी कधी वाचलीच नव्हती.

त्या दिवशी मला कळलं, की चिठ्ठीवर आलेला माणूस वाईटच असतो असं नाही. पण त्याची मान चिठ्ठी देणाऱ्याकडे वळलेली असते, पेशंटकडे नव्हे. ज्याने नेमलं त्याला काय वाटेल, एवढंच तो बघतो. मी दुसरं काय करत होते? प्रश्न विचारला तर पुढारी नाराज होतील, यजमानांना बोल लागेल, म्हणून गप्प बसत होते.

पुढच्या बैठकीत मी पहिल्यांदा वही उघडून वाचली आणि विचारलं, "ही जागा कधी भरणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. "वरून होईल" असं उत्तर मिळालं. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे पाठ करून ठेवलं होतं. किती जागा मंजूर, किती भरलेल्या, रिकामी असलेली केव्हापासून, वरिष्ठांना किती पत्रं पाठवली, एवढे चारच प्रश्न. उत्तर आलं. ते घेऊन आम्ही पंधराजणी तालुक्याला जाऊन आलो. पुढे काही महिन्यांनी डॉक्टर आले. आमच्यामुळेच आले असा दावा मी करणार नाही. पण आता दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांचं नाव, वार आणि वेळ लिहिलेला फळा आहे, तो मात्र आमच्या मागणीमुळे लागला. समितीवर मला पुन्हा कुणी घेतलं नाही, हेही सांगून टाकते.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आणखी एक गोष्ट उमगली. चारचौघांसमोर विचारायची रीत फक्त अमेरिकेचीच आहे असं कुठे? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रांना रुग्ण कल्याण समित्या मिळाल्या. २००७ पासून महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली, आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. गावातली माणसं आरोग्य केंद्राला गुण द्यायची, जनसुनवाई भरायची. मांडवात एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला पदर खोचलेल्या बायका. गोळ्या बाहेरून का आणायला लावल्या, नर्सताई गावात का आल्या नाहीत, हे तोंडावर विचारलं जायचं. गावाच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही कायद्यात आहेच. म्हणजे रस्ता आहे, आपणच त्यावरून चालत नाही.

आपल्या जनसुनवाईत नर्सला, डॉक्टरला, फार तर तालुक्याच्या अधिकाऱ्याला विचारता येतं. पण त्याच्या वरच्या खुर्च्यांवर कोण, का, कुणाच्या पत्राने बसलं, हे विचारायची जागा कुठे आहे? अधिष्ठाता, अधीक्षक, आरोग्यप्रमुख नेमताना त्यांचा आधीचा कारभार लोकांसमोर का ठेवू नये? शिफारशीचं पत्र असेल तर तेही नोटीस बोर्डावर लावा की! चांगल्या डॉक्टरची शिफारस करणाऱ्याला त्यात लाज वाटायचं कारणच नाही.

चारचौघांत विचारलं म्हणजे सगळं सुरळीत होतं, असंही नाही बरं का. एवढे प्रश्न विचारूनही १३ फेब्रुवारी २०२५ला केनेडी ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंत्री झालेच. जूनमध्ये त्यांनी लसींबाबत सल्ला देणाऱ्या समितीतले सगळे १७ सदस्य एकदम काढून टाकले. पण सुनावणीत त्यांनी काय शब्द दिला होता, हे काकूंच्या लेकीला ठाऊक आहे. तिच्यासारख्या हजारो आयांना ठाऊक आहे. तो शब्द त्या पुन्हा पुन्हा पुढे करू शकतात. आपल्याकडे मुळात कुणी शब्दच देत नाही, तर मोडला म्हणून धरायचं कुणाला?

काकूंच्या नातवाला लस वेळेवर मिळाली. मावशींचा नातू आता अंगणवाडीत रांगतच शिरतो आणि तिथल्या ताईंची फजिती करतो. एक नातू न्यू जर्सीत, एक हिंजवडीच्या पत्र्याच्या खोलीत. दोघांचंही आरोग्य कुणीतरी दूर खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो.

तेव्हा सख्यांनो, एकच विचारते. सून बघायला जाताना आपण दहा घरी चौकशी करतो. मुलीला स्थळ आलं तर मुलाच्या ऑफिसपर्यंत जाऊन येतो. मग ज्याच्या हाती आपली लेकबाळं सोपवायची, त्या तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव तरी तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर उद्या भाजी आणायला जाल तेव्हा वाटेत दवाखान्यात डोकवा. तिथल्या भिंतीवर फळा आहे का, ते बघा. नसेल तर विचारा.