मॅनेजर आणि माणसं – लेखांक 6 : अडलेला प्रश्न कुणाच्या हाती?

गेल्या आठवड्यात कामाच्या वाटणीबद्दल लिहिलं होतं. नेमून दिलेलं काम माणूस चोख करतो, पण त्याच्यात आणखी काय दडलंय ते त्यातून कळत नाही. ते कळायचं तर संस्थेचा खराखुरा अडलेला प्रश्न त्याच्या हाती द्यावा लागतो. याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण आहे गुजरातमधल्या आणंदचं.

वर्गीस कुरियन 1949 मध्ये आणंदच्या सरकारी क्रीमरीत आले ते नाइलाजानं. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले होते, त्या बदल्यात नोकरी करणं भाग होतं. मन अजिबात रमत नव्हतं. शेजारी त्रिभुवनदास पटेल यांचा खेडा जिल्हा दूध संघ जुनाट यंत्रांवर कसाबसा चालला होता. यंत्र बंद पडलं की त्रिभुवनदास या तरुण इंजिनिअरला गाठायचे. दुरुस्तीत पैसे घालवू नका, नवीन यंत्र घ्या, असं कुरियन यांनी सांगितलं. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले, आणि कुरियन सरकारी नोकरीतून मोकळे होताच त्यांना संघात ठेवून घेतलं. गावोगावच्या संस्था, शेतकऱ्यांचे रुसवेफुगवे, राजकारण हे सगळं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. डेअरी कशी चालवायची, यात मात्र हात घातला नाही.

पुढे कुरियन यांनीही तेच केलं. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात आणि मुंबईची दूध योजना ते सगळं उचलत नसे. उरलेल्या दुधाची पावडर करणं हा मार्ग होता, पण म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. कुरियन स्वतः धातुशास्त्र शिकलेले. दुधाचं तंत्र जाणत होते ते त्यांचे अमेरिकेतले मित्र हरिचंद दलाया. कुरियन यांनी प्रश्न त्यांच्यावर सोपवला. तज्ज्ञांशी वाद घालणं आणि मदत मिळवणं हे आपल्या अंगावर घेतलं. दलायांनी पावडर करून दाखवली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन झालं. या यशात दलायांचा वाटा किती मोठा, हे कुरियन नंतरही मोकळेपणानं सांगत राहिले.

आपल्याकडच्या मीटिंगमध्ये साहेब बहुधा उत्तर ठरवूनच येतात आणि मग कुणी काही सुचवत नाही म्हणून चिडतात. त्यापेक्षा अडचण आकड्यांसकट समोर मांडा. पैसा किती, मुदत किती ते सांगा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोणते निर्णय न विचारता घ्यायचे ते स्पष्ट करा. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. मग हुशार माणूसही दर पावलाला सहीसाठी थांबतो आणि हळूहळू डोकं चालवणंच सोडून देतो. खेडा संघाच्या अमूल या ब्रँडच्या होर्डिंगचं काम 1966 मध्ये जाहिरातकार सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्याकडे आलं, तेव्हा कुरियन यांनी आधी मंजुरी घेण्याची अट ठेवली नाही. ताज्या घडामोडींवरची ती जाहिरात मंजुरीच्या फायलीत अडकली असती, तर रस्त्यावर येईपर्यंत शिळी झाली असती.

कुरियन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी एक गोष्ट खटकते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्षपदी ते 1965 पासून 1998 पर्यंत, म्हणजे तब्बल 33 वर्षं राहिले. इतका काळ एकच खुर्ची व्यापलेली असली की दुसऱ्या फळीतल्या माणसांना सर्वांत वरची जबाबदारी पेलून पाहायला मिळत नाही. त्रिभुवनदासांनी मात्र सत्तरच्या दशकात संघाचं अध्यक्षपद स्वतःहून सोडलं. शेतकऱ्यांनी निरोपादाखल जो निधी दिला, त्यातून खेड्यांतल्या माता-बालकांच्या आरोग्यासाठी त्रिभुवनदास फाउंडेशन उभं राहिलं.

खुर्ची कधी सोडायची आणि सोडण्याआधी कुणाला कसं तयार करायचं, हा विषय पुढच्या लेखांकात.