रुतलेले चाक आणि पुरलेले चाक

वाळवंट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उंट येत नाहीत. चंद्रभागा येते, टाळमृदंग येतात. वाळवंट म्हणजे नदीकाठची, अनवाणी पायांना सुखावणारी, संध्याकाळी बसायची जागा! तिथे आपली मोटार रुतून बसेल आणि चार मोठ्या माणसांच्या तोंडचे पाणी पळेल, ही कल्पना काही वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेपर्यंत आम्हालाही नव्हती.

त्या भाऊबीजेला आम्ही बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदला बहिणीकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी शेगावच्या दर्शनाला निघालो. बरोबर सौ., दोन मुले आणि ऐंशी वर्षांची आई, चाकावर पुतण्या. नांदुऱ्याच्या वाटेवर पूर्णा नदी आडवी येते. पूल उत्तम आहे. पण मुलांना पूल नको होता, नदी हवी होती. पुलाच्या अलीकडे एक गाडीवाट पात्रात उतरलेली दिसली. पुतण्या म्हणाला, "काका, इथून ट्रॅक्टर जातात, मग आपण का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अंधार पडता पडता मिळाले.

बुलढाणा जिल्ह्याला पूर्णा नावाच्या दोन नद्या लाभल्या आहेत. उत्तरेकडची सातपुड्यातून येऊन तापीला मिळते. तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडची खडकपूर्णा गोदावरीला मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागराला. आम्ही होतो उत्तरेच्या पूर्णेत. काठावर वऱ्हाडची काळी कसदार माती आणि पात्रात वाळू. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून बसते. वाळू चिकटत नाही, उलट चाकाखालून निसटते. त्यामुळे मातीत माणूस आधीच सावध होतो, वाळूत मात्र रुतल्यावरच जागा होतो.

पन्नासएक पावले गाडी सुरेख गेली आणि मग मऊ झाली, बसली, थांबली. पुतण्याने जोरात रेस दिली. पुढची चाके गरगरली, वाळूचा फवारा उडाला आणि गाडीचे नाक वीतभर खाली गेले. आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलले. पुन्हा रेस, पुन्हा वीतभर. आता गाडीचे पोटच वाळूला टेकले आणि चाके नुसती फिरू लागली. उत्तरेला सातपुड्यावर ढग जमत होते. वरच्या अंगाला पाऊस झाला तर पात्रात पाणी येते, हे बहिणीने सकाळीच सांगितले होते. तेव्हा ते कुणी ऐकले होते?

काठावरून एक म्हातारेबुवा बैल घेऊन आले. गाडीकडे एकवार पाहून म्हणाले, "रेस देऊ नोका बाप्पा! जितली द्यान तितली गाडी खाली जाईन." आम्ही त्यांच्या बैलांकडे आशेने पाहू लागलो. त्यांनी मान हलवली. "बैल ओढतीन, पण त्याईलेबी पाय टेकवाले जागा पायजे ना!" एवढे बोलून त्यांनी गावातल्या एका तरुणाला फोन लावला. त्याच्या जीपच्या पुढच्या अंगाला विंच आहे, असे कळले.

विंच म्हणजे मोटारीला लावलेला रहाट. आडवे रीळ, त्यावर गुंडाळलेला पोलादी तारेचा दोर आणि रीळ फिरवायला विजेची मोटर. मोटर फिरते झपाट्याने. पण मधल्या दातेरी चक्रांमुळे रीळ अगदी संथ फिरते, आणि वेग जितका घटतो तितका जोर वाढतो. अमेरिकेत वॉर्न कंपनीने असा विजेवरचा विंच हौशी मोटारवाल्यांसाठी १९५९ साली बाजारात आणला. सर्वसाधारण जीपवरचा विंच चारएक हजार किलोंची ओढ देतो. पण ती फक्त रिळावर दोराचा शेवटचा थर उरलेला असताना. वर थर चढत जातात तशी ओढ कमी होते. म्हणून जाणकार दोर भरपूर सोडून मगच ओढायला लागतात; मात्र पाचसहा वेढे रिळावर ठेवतातच, नाहीतर दोर मुळातूनच सुटायचा.

आता एवढा जोर लागतो कशाला? चांगल्या डांबरी रस्त्यावर मोटार दोन माणसे सहज ढकलतात. मऊ वाळूत तीच मोटार हलवायला तिच्या वजनाच्या चौथाईपर्यंत ओढ लागू शकते, आणि चाके आसापर्यंत पुरली गेली तर जवळजवळ वजनाइतकी. पण त्या तरुणाने आल्याबरोबर विंचला हातसुद्धा लावला नाही. आधी त्याने आम्हाला फावडी दिली. चाकांच्या मागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू आम्ही उपसली. त्याने चारी टायरांतली हवा निम्म्यावर आणली. टायर पसरट झाला की वजन जास्त जागेवर वाटले जाते. म्हातारेबुवांनी पऱ्हाटीचा भारा आणून चाकांमागे अंथरला.

हीच युक्ती रॅल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात वापरली होती. साध्या फोर्ड मोटारी त्याने टायरांतली हवा कमी करून आणि चाकांखाली पोलादी पन्हळी टाकून वाळूच्या डोंगरांपलीकडे नेल्या. त्या पन्हळी त्याला कैरोच्या भंगारात मिळाल्या होत्या. आमच्या म्हातारेबुवांना पऱ्हाटी कुडाशी मिळाली, इतकाच काय तो फरक!

गाडी आली त्याच चाकोरीतून मागे ओढायची ठरली, कारण तिथली वाळू निदान एकदा दाबलेली होती. दोर बंपरला बांधायचा नसतो, हेही आम्हाला तेव्हाच कळले. गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत एक लोखंडी कडी होती. मागच्या बंपरावरची छोटी झाकणी काढून ती आत आटे फिरवून बसवायची. इतकी वर्षे गाडी वापरली, पण ती कडी आम्ही कधी पाहिलीही नव्हती!

विंच सुरू झाला, दोर ताणला गेला आणि भलतेच घडले. आमची गाडी जागच्या जागी राहिली आणि जीपच आमच्याकडे घसरू लागली. दोराची लांबी पुरावी म्हणून तिला काठ सोडून वाळूत यावे लागले होते. तिलाही पाय टेकायला जागा नव्हती. झाड असते तर साखळीने बांधता आले असते, पण आसपास एक बाभूळसुद्धा नव्हती.

तेव्हा त्या तरुणाने जीपची स्टेपनी काढली. जीपच्या मागे कमरेइतका खोल खड्डा खणून घेतला. स्टेपनीच्या मधल्या भोकातून साखळी ओवून पलीकडे लोखंडी पहार आडवी अडकवली, चाक खड्ड्यात उभे केले, साखळीसाठी जीपच्या दिशेने तिरकी चर पाडली आणि सगळे पुन्हा वाळूने भरून पायांनी दाबले. ज्या वाळूने आमची गाडी गिळली होती, तीच वाळू आता जीपला धरून ठेवणार होती. हलक्या थराने चाक निसटते. पण पुरलेल्या चाकापुढे मणच्या मण वाळूचा ढीग एकदम उभा राहतो आणि तो सहजी हलत नाही.

"आता समदे दूर!" त्याने आईच्या अंगावरची जाड चादर मागून घेतली आणि ताणलेल्या दोरावर मधोमध टाकली. तारेचा दोर ताणात तुटला तर चाबकासारखा उसळतो आणि माणसाचा पायच काय, जीवही घेतो. चादरीच्या वजनाने तो खाली दबतो. आमचा धाकटा गंमत म्हणून दोर ओलांडायला निघाला, तेव्हा इतका वेळ हसऱ्या चेहऱ्याने वावरणारा तो तरुण असा कडाडला की आम्हीसुद्धा दोन पावले मागे सरलो. त्या ओरडण्याबद्दल सौ. अजून त्याला दुवा देते.

विंच पुन्हा कुरकुरला. साखळी ताठ झाली. पुरलेले चाक बोटभर सरकले आणि थांबले. जीप जागची हलली नाही. मग आमची गाडी, एखादा झोपलेला माणूस कूस बदलतो तशी, हळूच मागे आली. मोटर तापू नये म्हणून तो मधूनमधून थांबत होता. वीसएक मिनिटांत गाडी काठावर होती.

आम्ही पाकीट काढले, ते त्याने हाताने बाजूला सारले. फराळाचा डबा मात्र आनंदाने घेतला. "रोडवर लागाच्या आंधी हवा भरा," एवढेच त्याने बजावले. आम्ही घाईने गाडीत बसू लागलो, तोच म्हातारेबुवांनी फावडे पुतण्याच्या हाती दिले.

"खड्डे बुजवा मंग जा. सकाळी ढोरं पाण्यावर येतीन. पाय मोडीन एखाद्याचा."

अंधारात आम्ही सगळ्यांनी मिळून खड्डे बुजवले. पुतण्याने शेवटची फावडी टाकून वाळू पायाने सारखी केली आणि म्हातारेबुवांनी बरे म्हटल्यावरच तो चाकावर बसला. रात्री शेगावला पोचलो तेव्हा बहिणीचा फोन आला. पात्रात पाणी आले होते.