अर्ध्या इंचाची गोष्ट

जुनं घर म्हाताऱ्या माणसासारखं असतं. एक दुखणं बरं करायला जावं, तर दुसरं डोकं वर काढतं. दिवाळीच्या आधी माजघर आणि आईची खोली यांत नव्या लाद्या घालण्याचा आमचा बेत ठरला, तेव्हा हे मला ठाऊक असायला हवं होतं!

जुनी शहाबादी फरशी उखडायची म्हणजे धूळ, मलबा आणि आठवडाभर खोळंबा. गवंडी म्हणाला, "साहेब, वरच बसवू की लाद्या." खर्च वाचतो म्हणताच मी मान डोलावली. दुतोंड्या मारुतीला किती पाणी लागलं यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज बांधणारे आम्ही नाशिककर. पण घरातल्या अर्ध्या इंचाचा अंदाज मला आला नाही. लादी आठ-दहा मिलिमीटर, खालचा मसाला चार-पाच. दाराखाली फट होती ती जेमतेम तेवढीच.

संध्याकाळी आईच्या खोलीचं दार घासत, कुरकुरत का होईना, लागलं. पण त्या ओढाताणीत वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले. पहाटे आईची हाक आली, "अरे, दार उघडत नाही रे!" दाराचं मोकळं टोक खाली बसून लादीवर रुतलं होतं. आत ब्याऐंशी वर्षांची आई, बाहेर मी. धक्के मारावे तर ती दारालगतच उभी. शेवटी तिला पलंगावर बसायला सांगितलं, दाराखाली पहार सारून ते उचललं आणि हळूच आत लोटलं. दहा मिनिटांचाच खेळ, पण आईचा हात बराच वेळ थरथरत होता.

दुपारी आमचे जुने सुतारमिस्त्री आले. मी म्हटलं, "कापून टाका खालून." ते हसले. "आधी बिजागरी बघू. दार कापलं की परत जोडता येत नाही." सैल भोकांत सरस लावून लाकडाच्या काड्या ठोकल्या, लांब स्क्रू पिळले. निम्मं घासणं तिथंच थांबलं!

उरलेल्यासाठी त्यांनी दार पुरतं फिरवून जमीन कुठं सर्वांत उंच आहे ते हेरलं. तिथं लादीचा पातळ तुकडा ठेवला, त्यावर पेन्सिल आडवी धरून दारावर रेघ ओढली. मग आधी खालची, शेवटी वरची बिजागरी सोडवून दार उतरवलं. रेघेवर चाकूनं खाच पाडली, म्हणजे करवतीनं कपचे उडत नाहीत. रंधा मारला तो दोन्ही टोकांकडून मध्याकडे, नाहीतर कोपरा फाटतो. आणि शेवटी कापलेल्या कडेला तेलरंगाचे दोन हात, कारण उभ्या लाकडाचं उघडं टोक पाणी सर्वांत जास्त पितं.

गृहिणींनी आणि गृहस्थांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात बाजूनं अडणारं दार लगेच तासू नये; उन्हाळ्यात तिथं फट पडते. आणि हल्लीच्या प्लायवूडच्या दारांना खाली लाकडाची पट्टी बेताचीच असते. तिच्याहून जास्त कापलं तर दाराचं पोट उघडं पडतं. सर्वांत सोपा उपाय मात्र काम सुरू होण्याआधीचा : नवी लादी आणि मसाल्याच्या जाडीचा पुठ्ठा एकावर एक ठेवून प्रत्येक दार त्यावरून फिरवून पाहावं. मी हे केलं असतं तर ती पहाट टळली असती.

आता दार एका बोटानं फिरतं. लक्ष्मीपूजनाला आईनं त्याच्यापुढं रांगोळीची पावलं काढली. रात्री मात्र ती ते पुरतं लावत नाही. चार बोटं उघडं ठेवते. मी म्हणतो, "लाव गं, आता अडत नाही."

ती म्हणते, "असू दे रे. तुझा आवाज येतो."