'टू' आणि क्रियापदाच्या मधात शब्द आला तर बिघडते काय?

आजचा एपिसोड इंग्रजीचा आहे, पण सुरुवात आपल्या वलगावपासून. ऐकण्याऐवजी वाचत असाल तर एक करा, उदाहरणं मोठ्यानं म्हणून पाहा. कानाला लवकर कळतं.

वलगावच्या एका ताईची व्हॉइस नोट आली. अमरावतीत नवीन नोकरी लागली, ट्रेनिंग ऑनलाइन. तिसरी स्टेप थोडी समजली, थोडी नाही. म्हणून तिनं साहेबांना मेल लिहिला: 'आय फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड द थर्ड स्टेप.' पाठवायच्या आधी चुलतभावाला दाखवला. तो म्हणे, "टूच्या मधात कधीच शब्द टाकाचा नाही, आमाले असंच शिकवलं हाये." त्यानं 'कम्प्लीटली' उचलला आणि 'टू'च्या आधी ठेवला: 'आय फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड द थर्ड स्टेप.' मेल गेला. साहेबांचा फोन आला, "काहीच समजलं नाही का? मग सगळं ट्रेनिंग पहिल्यापासून करा."

ताईचा प्रश्न होता, "दादा, शब्द तेच, मग अर्थ काऊन बदलला? अन् माझं पहिलं वाक्य चूक होतं का?"

ताई, तुमचं पहिलं वाक्य बरोबर होतं. अर्थ का बदलला, ते पाहू.

दोन्ही वाक्यं मराठीत करा. तुमचं वाक्य होतं, 'मला तिसरी स्टेप पूर्ण समजली नाही.' म्हणजे थोडी समजली. भावानं केलेलं वाक्य झालं, 'तिसरी स्टेप समजण्यात मी पूर्ण नापास झाले.' म्हणजे काहीच समजलं नाही. पहिल्यात 'कम्प्लीटली' समजण्याला चिकटलाय, दुसऱ्यात नापास होण्याला. शब्द फक्त एक घर सरकला आणि ताईची आठवडाभराची मेहनत शून्य झाली.

आता थोडं व्याकरण, घाबरू नका. कसं, कधी, किती हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण: पटकन, नीट, पूर्ण, खरंच. आणि 'टू गो', 'टू अंडरस्टँड' अशी 'टू' लावलेली क्रियापदं म्हणजे इन्फिनिटिव्ह. मराठीत हेच काम 'जायला', 'समजायला' करतात. आपल्या वऱ्हाडीत 'जाले', 'समजाले'. फरक बघा. इंग्रजीचा 'टू' पुढे आणि सुटा असतो, आपला 'ला' किंवा 'ले' मागे आणि चिकटलेला. त्यामुळे आपल्याकडे मधात शब्द घुसायला फटच नाही. आपण क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी ठेवतो: 'नीट समजाले', 'पूर्ण समजाले'. हीच सवय घेऊन इंग्रजीत गेलं की 'टू कम्प्लीटली अंडरस्टँड' आपसूक तोंडात येतं. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही असंच बोलतात.

मग भावाला शिकवलेला नियम आला कुठून? 'टू' आणि क्रियापदाच्या मधात शब्द टाकणं इंग्रजीत चौदाव्या शतकातही सापडतं. एकोणिसाव्या शतकात काही पंडितांना ते खुपायला लागलं. १८६४ मध्ये हेन्री आल्फर्ड या कँटरबरीच्या डीननं आपल्या पुस्तकात त्यावर आक्षेप घेतला, आणि पुढे शाळाशाळांत तो नियम म्हणून पक्का झाला. लॅटिनचा दाखलाही पुष्कळदा देतात. लॅटिनमध्ये 'जाणे' म्हणजे 'ईरे', एकच शब्द, तो फोडता येत नाही. बरोबर आहे, आपला 'जाले'ही फोडता येत नाही. पण म्हणून इंग्रजीनं का फोडू नये? १९२६ मध्ये फाउलर या कोशकारानंही समजावलं की या भीतीपायी वाक्य वेडंवाकडं किंवा संदिग्ध करू नका. १९६६ च्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या प्रसिद्ध सुरुवातीतही 'टू' आणि 'गो'च्या मधात 'बोल्डली' बसलेला आहे.

कधीकधी तर मधात टाकण्यावाचून इलाजच नसतो. समजा कापसाबद्दल म्हणायचंय, 'भाव दुपटीपेक्षा जास्त वाढायची शक्यता आहे.' इंग्रजीत: 'द प्राइस इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल.' हा 'मोअर दॅन' तिथून उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. वाक्य बसतच नाही.

मग शब्द कुठं ठेवायचा? वलगावजवळच, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. आपल्या विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचंच. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. आपणही वाक्याला एक प्रश्न विचारू: हा शब्द कोणत्या क्रियापदाचा?

'ही डिसायडेड टू लीव्ह' हे वाक्य घ्या. त्यात 'क्विकली' टाकायचाय.

'ही क्विकली डिसायडेड टू लीव्ह': ठरवणं पटकन झालं, निघाला कदाचित संध्याकाळी.

'ही डिसायडेड टू क्विकली लीव्ह': निघणं पटकन. 'ही डिसायडेड टू लीव्ह क्विकली' म्हटलं तरी साधारण हेच.

'ही डिसायडेड क्विकली टू लीव्ह': इथं शब्द दोन क्रियापदांच्या मधात लोंबकळतो. बहुतेक लोक 'पटकन ठरवलं' असं समजतील, पण खात्री नाही.

मराठीतही ही भानगड आहे बरं का. 'त्यानं पटकन जायचं ठरवलं.' पटकन काय, जाणं की ठरवणं? 'जायचं त्यानं पटकन ठरवलं' म्हटलं की मोकळं होतं.

इंटरव्ह्यूत कामी येईल अशी जोडी: 'आय रिअली वाँट टू लर्न' म्हणजे मला खरंच शिकायचंय, इच्छा खरी. 'आय वाँट टू रिअली लर्न' म्हणजे मला खरंखुरं, मुळापासून शिकायचंय. दोन्ही बरोबर, बोलायचं काय ते आधी ठरवा.

'नॉट'चंही तसंच. 'आय डिसायडेड नॉट टू गो' म्हणजे न जायचं ठरवलं. 'आय डिडन्ट डिसाइड टू गो' म्हणजे जायचं ठरवलंच नाही. 'टू नॉट गो' बोलण्यात ऐकू येतं, पण लिहिताना 'नॉट टू गो' चांगलं.

आपल्या मुलांची खरी चूक वेगळीच असते. आपण म्हणतो, 'आय वाँट टू रीड केअरफुली द पेपर.' क्रियापद आणि त्याच्या कर्माच्या मधात शब्द आला की इंग्रजी कानाला खटकतं. 'टू रीड द पेपर केअरफुली' म्हणा किंवा 'टू केअरफुली रीड द पेपर' म्हणा. आणि 'टू'च्या मधात एखाददुसराच शब्द ठेवा. चार-पाच शब्दांची वरात असेल तर ती वाक्याच्या शेवटी पाठवा.

परीक्षेत जुन्या वळणाचे तपासनीस असतील तर? अर्थ बदलत नसेल तर शब्द शेवटी ठेवा, मार्क वाचतील. अर्थ बदलत असेल तर जिथं अर्थ नीट बसतो तिथंच ठेवा.

ताईनं काल साहेबांना दुसरा मेल केला, या वेळी भावाला न दाखवता. लिहिलं, 'आय अंडरस्टूड मोस्ट ऑफ इट. आय जस्ट नीड टू फुली अंडरस्टँड द थर्ड स्टेप.' साहेबांनी तेवढीच स्टेप पुन्हा समजावली, दहा मिनिटांत.

आता तुमचा नंबर. 'शी प्रॉमिस्ड टू कॉल मी' या वाक्यात 'इमिजिएटली' तीन ठिकाणी ठेवा, तिन्हीचा अर्थ आपल्या बोलीत सांगा आणि व्हॉइस नोट पाठवा. चुकलं तरी पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. भेटू!