बुरशीसाठी रांधणारी वाळवी

पावसाळा स्थिरावला की गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सर्वणसारख्या गावांना रोयणीवरच्या, म्हणजे वाळवीच्या वारुळावरच्या, अळमीचे (अळंबीचे) वेध लागतात. दर भरमसाट, तरी माल हातोहात खपतो. एवढी मागणी असताना कुणी तिची लागवड का करत नाही? धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर घरच्या घरी घेता येते. अळमी मात्र टर्मिटोमायसिस प्रजातीतली. या बुरशीचे तंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात खरे, पण वाळवीवाचून तिचं व्यापारी पीक काढणं साधलेलं नाही. वाळवी सुका पाला नि लाकूड चावते, पोटातून काढते आणि त्या विष्ठेचं स्पंजासारखं पोळं बांधून त्यावर बुरशी पोसते. खरी गोम पुढेच आहे. वाळवीने सोडलेल्या त्याच पोळ्यावर थोड्याच दिवसांत झायलेरिया ही भलतीच बुरशी माजते. अन्न तेच, राखण तेवढी गेलेली.

घरी सूक्ष्मजीव वाढवू पाहणाऱ्यांची गत हीच होते. अन्न शिजवणं मुळीच कठीण नाही. 200 ग्रॅम सोललेले बटाटे उकडून पाणी गाळायचं, त्यात 20 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 ते 20 ग्रॅम अगर घालून लिटरभर करायचं. बुरशीसाठी प्रयोगशाळांतही हेच माध्यम वापरतात. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. माध्यम घट्ट करायला 1881 मध्ये जर्मनीत फॅनी हेसे यांनी ते सुचवलं, कारण तोवर वापरलं जाणारं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं. गोव्याच्या मे महिन्यात तर त्याचं सरबतच झालं असतं! गोठलेलं अगर मात्र 85 अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. घोडं अडतं ते निर्जंतुक करण्यापाशी. जिवाणूंचे चिवट बीजाणू नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. त्यांना 121 अंशांची दाबाखालची वाफ किमान 15 मिनिटं लागते. घरचा कुकर तिथवर पोहोचतो, पण शिट्ट्या मोजून भागत नाही. आतली हवा वाफेबरोबर आधी निघून जायला हवी आणि वेळ धरायची ती पूर्ण दाब आल्यापासून.

यावर कुणी म्हणेल, इडलीचं पीठ कुठे निर्जंतुक करतो? नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात, म्हणजे शेतात घालायच्या द्रावणात, तर 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन उघड्यावर आंबतं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण जीवामृतात आपल्याला एक जीव नको असतो, गर्दीच हवी असते. इडलीच्या पिठात लॅक्टिक जिवाणूंनीच केलेलं आम्ल पहारा देतं. बटाट्याच्या गोड माध्यमाला असा पहारेकरी नाही. तिथे जो पहिला पोहोचेल त्याचं राज्य, आणि तो कोण हे ठिपक्याच्या रंगावरून ओळखता येत नाही. म्हणून घरच्या प्रयोगात यीस्ट किंवा खात्रीच्या ठिकाणाहून आणलेलं धिंगरीचं बियाणं घ्यावं. थुंकी, जखमेचा पू, गटाराचं पाणी यांच्या वाटेला जाऊ नये. अनोळखी काही उगवलंच, तर बशीचं झाकण न उघडता ती तशीच कुकरमध्ये वाफवून टाकून द्यावी. आणि हा कुकर वेगळा ठेवावा; त्यात पुन्हा वरण लावू नये.