पुलगावची दोन भयं
३१ मे २०१६ च्या पहाटेआधी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. स्फोटांनी शेजारची गावं हादरली, माणसं घरं सोडून निघाली. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर तिथे पोहोचले.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांच्या मते अचानक येणारा, अनेकांना एकदम गिळणारा, आपल्या हाती नसलेला धोका माणसाला सर्वाधिक घाबरवतो. रोजचा धोका मात्र अंगवळणी पडतो. सरकारंही माणसंच चालवतात. त्यांची धावपळ बहुधा पहिल्या प्रकारासाठीच होते.

दुसरा प्रकारही पुलगावनं भोगला. २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी होते. त्यांना धोका कळत नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. घरची चूल त्यांना अधिक जवळची होती.