आधी आजीशी बोलायचं
(एका आशाताईचा दिवस)

सकाळी 7
नळाच्या रांगेत शेजारच्या काकी हळूच सांगतात, "बीपीची गोळी बंद केली गं. डोकं दुखत नाही आता, उगाच सवय लागायची." मी म्हणते, "काकी, बीपी वाढला तरी बहुतेकांचं डोकं दुखतच नाही. दुखायची वाट बघाल तर उशीर होईल." कळशी भरेपर्यंत एवढंच बोलणं होतं. आजच उपकेंद्रात बीपी मोजून घ्यायचं मात्र कबूल करून घेते.

सकाळी 9.30
बाळंतिणीकडे सातव्या दिवसाची भेट. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आम्ही घरी जातो. झोळीच्या काट्यावर बाळ 2 किलो 700 ग्रॅम भरलं. जन्मवजन 2 किलो 800. आजीचा चेहरा उतरला. "दूध पुरत नाही तिला. वरचं सुरू करते."

दवाखान्यात सुनेला सगळं सांगितलेलं असतं. पण वाटी-चमचा आजीच्या हातात, म्हणून मी बोलते आजीशी. "आज्जी, दिवसरात्रीत लंगोट किती ओले होतात?"
"सहा-सात तरी. धुऊन धुऊन हात गेले माझे!"
"मग पोटात गेल्याशिवाय एवढं बाहेर येतंय होय?"
आजी हसल्या. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. सहाणेवरची गुटी आणि मधाचं बोट मात्र बंद करायला सांगितलं. मधातल्या जंतूंमुळं वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

दुपारी 12
अंगणवाडीत गरोदर बायका. लोहाच्या लाल गोळ्या पर्समध्ये जशाच्या तशा. "गोळीनं बाळ काळं होतं म्हणतात." काळी होते ती शी, न शोषलेल्या लोहामुळं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि अशा किमान 180 घ्यायच्या. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबासोबत चांगलं लागतं. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी.

दुपारी 3
दोन वर्षांच्या पोराला जुलाब. पोटाला आराम म्हणून सकाळपासून खाणं बंद. ओआरएस दिलंय, पण कपभर पाण्यात चमचाभर पूड घालून. इतकं दाट पाणी उलट अपाय करतं. मी लिटरची बाटली धुऊन घेतली, पिण्याचं पाणी भरलं, नवं अख्खं पाकीट त्यात ओतलं आणि बाटली आत्याच्या हातात दिली: "हलवा तुम्हीच." उद्या त्याच करणार आहेत. उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं. पेज, वरणभात चालू. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस.

संध्याकाळी 6
रानातून आलेल्या गड्याला कुत्रं चावलंय. जखमेवर हळद-मिरची. लस नको म्हणतो, कारण पोटात चौदा सुया टोचतात हे बापानं सांगितलेलं. त्या सुया कधीच गेल्या. आता लस दंडात, चार-पाच वेळा. आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली. ओरडला, पण धुतली. रक्त आलंय म्हणजे लशीबरोबर जखमेत सीरमही लागणार. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, म्हणून भावाच्या मोटारसायकलवर लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवला.

रात्री 9
रजिस्टर भरते. गड्याचा पहिला डोस झाल्याचा फोन आलाय. पुढचा तिसऱ्या दिवशी. तोवर ठणका थांबेल आणि तो म्हणेल, आता कशाला? फोन त्याला करून उपयोग नाही. त्याच्या घरात आईचं चालतं. तिचा नंबर रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.